नुसती पीडीएफ उघडली म्हणून कुणी संगणकात कसा शिरेल?

सुरंगी_फोंडा

नमस्कार मंडळी. फोंड्याला माझं झेरॉक्स-प्रिंटचं दुकान आहे, बारा वर्षं झाली. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, वीजबिल, पोरांची हॉलतिकिटं, सगळं लोक व्हॉट्सॲपवर नाहीतर मेलवर पाठवतात. मी फाइल उतरवून घेते, क्रोममध्ये उघडते आणि कंट्रोल-पी मारते. दिवसाला शंभरभर कागद सहज होतात. चवथीच्या आधी आणि शाळा सुरू होताना तर मान वर करायला वेळ नसतो.

परवा भाच्याने एक सूचना पाठवली. ब्राउझरमधल्या पीडीएफ दाखवणाऱ्या भागात ‘यूज आफ्टर फ्री’ जातीचा दोष सापडलाय, मुद्दाम घडवलेली पीडीएफ उघडली तर हल्लेखोर आपल्या मशीनवर त्याला हवं ते चालवू शकतो, लगेच अपडेट करा, असं त्यात होतं.

अपडेट करीन, पण मला ते समजून घ्यायचंय. अनोळखी सेटअप चालवू नये हे कळतं. पीडीएफ म्हणजे तर कागद. कागद वाचला म्हणून घरात चोर कसा येईल? या मशीनवरून लोकांची आधार कार्डं, पासबुकं, जमिनीचे कागद जातात. लोक विश्वासाने देतात. उद्या काही झालं तर त्यांना काय तोंड दाखवू?

कोरगुट

अपडेट करा, ब्राउझर बंद करून परत उघडा. बाकी सगळं नंतर वाचा.

बोरीचा_पूल

सुरंगीबाय, प्रश्न अगदी मुळावर विचारलात. मी बेंगळुरूला याच क्षेत्रात काम करतो, जमेल तसं सांगतो.

पीडीएफ दिसायला कागद आहे, आत मात्र सूचनांची लांबच लांब यादी असते. इथे ही अक्षरं काढ, हा फॉन्ट आतच आहे तो उलगड, हे चित्र दाबून बसवलंय ते फुगव, हा रकाना भरता येतो, आणि तो भरला की ही छोटी जावास्क्रिप्ट, म्हणजे आत लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम, चालव. १९९३ साली ॲडोबीने हा प्रकार आणला, तेव्हापासून त्यात भर पडतच गेलीय. कुणीतरी या सूचना वाचून पाळायच्या असतात. क्रोममध्ये ते काम करणाऱ्या भागाचं नाव पीडीएफियम. मूळ इंजिन फॉक्सिट कंपनीचं, २०१४ मध्ये गूगलने ते सगळ्यांसाठी खुलं केलं. ते सी++ या प्रोग्रॅम लिहायच्या भाषेत लिहिलेलं आहे आणि सी++ मध्ये मेमरीची जागा घेणं, सोडणं, कोण कुठे बसलंय हे लक्षात ठेवणं, सगळं लिहिणाऱ्याच्या अंगावर असतं.

आता ‘यूज आफ्टर फ्री’. आपल्याकडची एखादी जत्रा डोळ्यासमोर आणा. देवस्थानाच्या समितीने फक्की मारून जागा आखल्यात. १४ नंबरवर एक खाजेकार बसलाय. समितीच्या पोराच्या हातात चिठ्ठी आहे, ‘रात्री १४ नंबरला गल्ल्याची पेटी पोचवायची.’ संध्याकाळी खाजेकार गाशा गुंडाळून गेला. समितीने वहीत १४ नंबर रिकामा दाखवला आणि भलत्याच माणसाला दिला. पण पोराच्या हातातली चिठ्ठी कुणी फाडली नाही. रात्री पोरगा इमानेइतबारे १४ वर जातो आणि जो बसलाय त्याच्या हातात पेटी देतो.

सोडलेल्या जागेचा जुना पत्ता कुणाकडे तरी शिल्लक राहणं, एवढाच हा दोष. एरवी फार तर प्रोग्रॅम कोसळतो. मुद्दाम घडवलेल्या पीडीएफमध्ये मात्र सूचनांचा क्रम असा लावलेला असतो की जागा सुटल्या क्षणी तिथे हल्लेखोराचाच माल येऊन बसावा. पोरगा बरोबर त्याच्याच हातात पेटी देतो.

भरता येणाऱ्या फॉर्मांमध्ये हे जास्त होतं. पीडीएफियम एक रकाना हाताळत असतो, मध्येच त्या रकान्याची जावास्क्रिप्ट चालते आणि ती तोच रकाना पुसून टाकते. स्क्रिप्ट संपल्यावर पीडीएफियम मागे वळतो तर पायाखालची फळी गेलेली. २०२४ च्या जूनमध्ये क्रोम १२६ आलं, त्यात पीडीएफियममधल्या याच जातीच्या दोन चुका एकदम दुरुस्त झाल्या होत्या. त्याआधीही होत्या, पुढेही निघतील.

आबोली०७

पहिल्यांदा काहीतरी डोक्यात शिरलं. आता मात्र खाजें आणायला जावं लागणार.

मानशीवाला

मी जुव्याचा. संगणकाचं शिक्षण नाही, पण हे वाचून आमचं खाजन आठवलं. खाऱ्या नदीकाठी बांध, बांधाला मानस, म्हणजे पाणी अडवायची-सोडायची दारं. ओहोटीला मानशीची दारं उघडतात, भरतीला पाण्याच्याच जोराने मिटतात. बांध धड असेल तर आत कोरगुट भात पिकतं. पण कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांधात बिळं करतात. बीळ केवढं, मूठभर. उधाणाच्या रात्री त्याच बिळातून पाणी धार धरतं आणि सकाळी बघावं तर बांधाला भगदाड. वडील हातात कंदील घेऊन रात्री बांधावरून चालत जायचे आणि पायाला माती मऊ लागली की तिथेच बसून चिखल भरायचे.

तुमच्या त्या सी++ वाल्यांचंही असंच दिसतंय. बांध कितीही चांगला घातला तरी बिळं शोधत फिरणारा माणूस लागतो.

पाटाचेपाणी

मानशीकाका, उपमा पटली. फक्त ती या दोषाच्या सख्ख्या भावाला जास्त लागू पडते. त्याला ‘बफर ओव्हरफ्लो’ म्हणतात. दहा खुर्च्यांच्या रांगेत अकरावा माणूस बसवला की शेजारच्याची जागा जाते. हा प्रकार निदान १९८८ पासून सगळ्यांना माहीत आहे. मॉरिस वर्म नावाचा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटभर पसरला तो याच वाटेने, अर्थात ती त्याच्या वाटांपैकी एक होती.

एका ठिकाणी मात्र उपमा तोकडी पडते. खाजनात खारं पाणी शिरलं तर भात पिवळं पडतं, माणसाला दिसतं. मेमरीत कुणी शिरला तर काहीच दिसत नाही. उतारा व्यवस्थित उघडतो, प्रिंट निघते, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. म्हणून बिळं शोधायला वेगळं हत्यार लागतं. गूगलची मंडळी पीडीएफियमला दिवसरात्र लाखो मोडक्यातोडक्या पीडीएफ भरवत असतात, त्याला फझिंग म्हणतात. सोबत ॲड्रेससॅनिटायझर नावाचं मेमरीच्या चुका पकडणारं हत्यार चालवतात. तो प्रत्येक जागेच्या दोन्ही बाजूंना विषारी पट्टा आखतो आणि सोडलेली जागा लगेच दुसऱ्याला न देता काही काळ अडवून ठेवतो. त्या पट्ट्यावर कुणाचा पाय पडला की प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि कुठल्या ओळीत चूक झाली ते सांगतो. वेर्ण्याला आमच्या कामात, पीडीएफशी काही संबंध नसताना, मी हे रोज वापरतो. पहिल्यांदा लावलं तेव्हा आमच्याच जुन्या कोडमध्ये इतकी बिळं निघाली की दोन दिवस कुणी धड जेवलं नाही.

केरी_पेडणे

मला एक सांगा, फोंड्यातल्या दुकानावर कोण कशाला एवढी मेहनत करेल? असले दोष मोठ्या लोकांसाठी असतात. आमच्या शेजारच्या काकांचे पैसे गेले ते व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘लग्नाच्या पत्रिके’मुळे. ती पीडीएफ नव्हतीच, एपीके होती, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल. दाबली, परवानग्या दिल्या, मेसेज वाचले गेले, ओटीपी गेला. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन केला तोवर उशीर झाला होता. सुरंगीबायनी त्याची काळजी करावी, पीडीएफियमची नको. उगाच घाबरवू नका.

बोरीचा_पूल

केरीबाब, निम्मं बरोबर बोललात. असे बहुतेक दोष संशोधकांनाच आधी सापडतात आणि कुणी वापरायच्या आत दुरुस्त होतात. दुकानदाराला रोजचा धोका एपीकेचा आणि ‘दाखला.पीडीएफ.ईएक्सई’ सारख्या नावांचाच जास्त. ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, आणि विंडोज नावाचं हे शेवटचं शेपूट लपवतं, म्हणून फाइलींची पूर्ण नावं दिसतील असं सेटिंग आधी करा.

‘मोठ्या लोकांसाठी असतात’ हे मात्र अर्धवट आहे. दुरुस्ती जाहीर झाली की काय बदललं ते सगळ्या जगाला वाचता येतं. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवली की बीळ कुठे होतं ते कळतं. त्यानंतर धोका कुणाला? अपडेट न केलेल्यांना. तिथे मोठं-लहान काही राहत नाही.

मोठ्यांवर काय होतं त्याचंही एक उदाहरण देतो. २०२१ मध्ये सिटिझन लॅब या कॅनडातल्या संशोधन संस्थेने आयफोनवरचा एक हल्ला उघडकीला आणला, फोर्स्डएंट्री नावाचा, पाळत ठेवायची सॉफ्टवेअर विकणाऱ्या इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचा. मेसेजमधून फाइल यायची, नाव जीआयएफचं, आत पीडीएफ. माणसाने काही दाबायचीही गरज नव्हती. दोष होता जेबिग-२ नावाच्या चित्रप्रकाराच्या वाचकात, तिथे आकड्यांची बेरीज मर्यादेबाहेर जायची आणि हवी त्यापेक्षा लहान जागा राखली जायची. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये दुरुस्ती दिली. तो ब्राउझरचा पीडीएफवाचक नव्हता, पण जात तीच.

निवृत्त_लेखनिक

जेबिग-२ हे नाव ओळखीचं वाटलं. काळा-पांढरा स्कॅन दाबायला वापरतात तेच ना?

पाटाचेपाणी

हो तेच, लेखनिककाका. एकसारखी दिसणारी अक्षरं तो एकदाच साठवतो आणि बाकी ठिकाणी तोच शिक्का मारतो. त्यातूनच २०१३ मध्ये वेगळा घोळ बाहेर आला होता. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवलं की झेरॉक्स कंपनीची काही मशीनं स्कॅन करताना आकडेच बदलत होती, ६ चा ८ होत होता. कागद स्वच्छ दिसायचा, फक्त आकडा चुकीचा.

निवृत्त_लेखनिक

बापरे. मी आयुष्यभर सर्व्हे नंबर आणि पोटहिस्से लिहिले. एका आकड्यापायी भावाभावांची तोंडं वर्षानुवर्षं बंद झालेली पाहिली आहेत. सुरंगीबाय, जमिनीच्या कागदाची स्कॅन दिली की आकडे मूळ कागदाशी ताडून द्या, एवढं या म्हाताऱ्याचं ऐका.

मूळ विषयावर एक शंका आहे. दाखल्यावर डिजिटल सही असते. ब्राउझरमध्ये उघडला की तिथे पिवळं प्रश्नचिन्ह येतं. ते हिरवं करायला ॲडोबी रीडरच लागतो. मग तोच वापरला तर हा प्रश्न सुटत नाही का?

कोरगुट

माझंही तेच मत. क्रोमच्या सेटिंगमध्ये पीडीएफ उघडण्याऐवजी डाउनलोड करायची सोय आहे. ती लावा आणि फायरफॉक्स ठेवा. फायरफॉक्सचा पीडीएफवाचक जावास्क्रिप्टमध्ये लिहिलाय, तिथे मेमरीचा घोळ होऊच शकत नाही.

बोरीचा_पूल

लेखनिककाका, सही तपासायला रीडर ठेवा, ते कामच त्याचं आहे. पण रोजची शंभर अनोळखी पत्रं त्यात उघडू नका. त्यातही वर्षानुवर्षं असेच दोष निघत आलेत. २०१० मध्ये रीडर एक्स आला तेव्हा ॲडोबीला त्यात सँडबॉक्स, म्हणजे वाचकाला कोंडून ठेवणारी बंद खोली, घालावा लागला. ठेवणारच असाल तर त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन जावास्क्रिप्ट बंद करा. उताऱ्याला ती लागत नाही.

कोरगुट, फायरफॉक्सबद्दल तू बऱ्याच अंशी बरोबर आहेस. त्याचा पीडीएफ.जेएस २०१३ पासून आत आहे आणि सोडलेल्या जागेचा घोळ त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये होत नाही. पण ‘होऊच शकत नाही’ वर विसंबू नकोस. दुसऱ्या जातीचे दोष तिथेही निघाले. ऑगस्ट २०१५ मध्ये एका रशियन बातम्यांच्या साइटवरच्या जाहिरातीतून पीडीएफ.जेएसचा दोष वापरून लोकांच्या मशीनवरच्या फाइली चोरल्या जात होत्या, ३९.०.३ मध्ये तो बुजवला. २०२४ मध्ये फॉन्ट हाताळताना एक तपासणी राहून गेली होती, त्यातून पीडीएफमधला हवा तो जावास्क्रिप्ट कोड चालायचा. ते फायरफॉक्स १२६ मध्ये बुजलं. एकाच वर्षी दोन्ही ब्राउझरांच्या १२६ व्या आवृत्तीत पीडीएफच्या दुरुस्त्या, योगायोगच.

आबोली०७

मग सुरंगीताईंनी करायचं तरी काय? क्रोममध्ये दोष, रीडरमध्ये दोष, फायरफॉक्समध्ये दोष.

पाटाचेपाणी

मानशीकाकांच्या खाजनातच उत्तर आहे. तिथे एक बांध नसतो, बाहेरचा असतो आणि आतलाही असतो. क्रोम पहिल्या दिवसापासून, म्हणजे २००८ पासून, वेबपान दाखवणारा भाग सँडबॉक्समध्ये कोंडतो. पीडीएफचा वाचकही तसाच कोंडलेला असतो. पीडीएफियममधल्या दोषातून आत शिरलेला तिथेच अडकतो, त्याला तुमच्या डिस्कवरच्या फाइली दिसत नाहीत. बाहेर यायला दुसरा दोष लागतो. २०१८ पासून वेगवेगळ्या साइटींना वेगवेगळ्या खोल्याही दिल्यात, म्हणून शेजारच्या टॅबमधली बँक हाताला सहज लागत नाही. यासाठीच मी ब्राउझरच वापरायला सांगेन, पण ताजा.

आता माझा जीव जिथे तुटतो ते लिहितो. क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमवाल्यांनी २०२० मध्ये स्वतःच सांगितलं की त्यांच्या गंभीर सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या चुकांमुळे होते आणि त्यातले निम्मे ‘यूज आफ्टर फ्री’. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये सत्तरच्याच आसपासचा आकडा दिला होता. जगातले हुशार लोक, इतकी हत्यारं, आणि तरीही हे. तेव्हा दोष त्या माणसांचा म्हणता येत नाही, भाषाच हातात चिठ्ठी ठेवते आणि फाडायला विसरू देते. रस्ट भाषेत कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा प्रोग्रॅम बनवणारं साधन, ती चिठ्ठीच तपासतो. जागा सुटली असेल आणि पत्ता कुणाकडे उरला असेल तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. अँड्रॉइडने नवा कोड अशा सुरक्षित भाषांत लिहायला घेतला, तर २०१९ मध्ये त्यांच्या दोषांत मेमरीवाल्यांचा वाटा ७६ टक्के होता तो २०२४ मध्ये २४ वर आला. जुना कोड त्यांनी फारसा फेकलाही नाही, फक्त नवा तसा लिहिला नाही. हे करता येतं, करून दाखवलंय. म्हणून ‘आणखी एक पॅच आला’ असं कुणी सहज म्हणालं की मला राहवत नाही.

मानशीवाला

म्हणजे कुर्लीला बीळच करता येणार नाही असा बांध. आमच्या वडिलांना दाखवायला हवा होता.

सुरंगी_फोंडा

सगळ्यांचं तीनतीनदा वाचलं. काल रात्री दुकान बंद केल्यावर एकेक मशीन तपासलं, काय दिसलं ते लिहिते.

काउंटरवरच्या मशीनमध्ये क्रोमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल खूण होती. कधीपासून आहे विचारलं तर पोरगा म्हणाला, “ती आधीपासूनच आहे, मला वाटलं तसंच असतं.” अपडेट उतरलेलं होतं, लागलं नव्हतं, कारण आम्ही ब्राउझर कधी बंदच करत नाही. व्हॉट्सॲप वेबचा टॅब जाईल, परत फोन लावून जोडावं लागेल म्हणून तो सदा उघडा. पावसात लाईट जाते, पण इन्व्हर्टर आहे ना. सत्तेचाळीस टॅब होते. त्यात माझ्या स्वतःच्या बँकेचा एक. बंद केला, उघडला, खूण गेली. व्हॉट्सॲप आपोआप परत आलं, जोडावंही लागलं नाही.

दुसऱ्या मशीनवर क्रोम ठीक होता, एज मागे राहिला होता.

तिसरं मशीन विंडोज ७ चं आहे. क्रोम १०९ वर अडकलंय, ‘या संगणकाला यापुढे अपडेट मिळणार नाहीत’ अशी पट्टी येते, ती आम्ही रोज फुली मारून घालवत होतो. त्याची इंटरनेटची वायर काढलीय. पेनड्राइव्हवरच्या प्रिंटा तिथून काढू. हे चालेल ना?

बोरीचा_पूल

लाल खूण म्हणजे अपडेट येऊन निदान आठवडा झालाय. सुरुवातीला ती हिरवी असते, मग नारिंगी. पोराला एवढंच सांगून ठेवा, रंग दिसला की त्या रात्री दुकान बंद करताना ब्राउझर बंद. एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे क्रोमियमवरच उभे आहेत, पण प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी येते, ते तुम्ही बरोबर पकडलंत.

तिसऱ्या मशीनचं मात्र पटत नाही. क्रोम १०९ जानेवारी २०२३ चा. त्यानंतर बुजलेलं प्रत्येक बीळ त्यात उघडं आहे. वायर काढली म्हणजे चोरलेलं बाहेर जायची वाट बंद झाली, पण पेनड्राइव्हवरून आलेली पीडीएफ आतला बांध फोडू शकतेच. आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह त्याच मशीनला लागतो. तोच तिथून बाहेर जायचा रस्ता.

सुरंगी_फोंडा

हे डोक्यात आलंच नव्हतं. पेनड्राइव्ह तर दिवसाला वीस लागतात, पॉलिटेक्निकची पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात.

केरी_पेडणे

मी आधी जे लिहिलं त्यात थोडी दुरुस्ती करतो. पेनड्राइव्हचा विचार मीही केला नव्हता. बाय, नवं मशीन घ्यायचं तर म्हापशाला जुनी ऑफिसची मशीनं चांगली मिळतात, मी बघू का?

पाटाचेपाणी

आधी पैसे घालू नका. त्या मशीनमध्ये ४ जीबी मेमरी असेल तर हलकं लिनक्स छान चालेल, त्यावर ताजा फायरफॉक्स मिळतो. प्रिंटर ओळखला गेला की झालं. आणि एक, सगळ्याच मशीनवर तुमचं बँकेचं काम वेगळ्या विंडोज खात्यातून करा. गिऱ्हाइकांच्या फाइली ज्या खात्यात उघडतात त्याला ॲडमिनचे अधिकार ठेवू नका.

सुरंगी_फोंडा

खातं आज दुपारीच वेगळं केलं. बँक आता फक्त माझ्या फोनवर. लिनक्ससाठी भाचा शनिवारी येतोय. भीती एकच, तिथला प्रिंटर जुना आहे, त्याचं कसं होणार.

बोरीचा_पूल

प्रिंटरचं मॉडेल इथे लिहा. लिनक्सवर ड्रायव्हर आहे का ते आज रात्रीच बघून ठेवतो, म्हणजे शनिवारी भाच्याचा वेळ जाणार नाही.

सुरंगी_फोंडा

पुढचं नाव पुसलं गेलंय. मागच्या बाजूला स्टिकर आहे, पण प्रिंटर भिंतीला लागून आहे. उद्या सकाळी दुकान उघडलं की पोराला सांगून ओढते आणि फोटो काढून नंबर लिहिते.